हातातला मारिओ: गेम बॉय कलरवरच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता मारिओ?

नव्वदच्या दशकात फोंड्यात, डिचोलीत, म्हापशात ज्यांच्या घरी टीव्हीगेम होता, त्यांनी कॅसेट घालून जो पहिला मारिओ खेळला तोच. निन्टेन्डोने तो १९८५ साली फॅमिकॉम या यंत्रासाठी काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला आणि संगीत कोजी कोंडो यांनी दिलं. आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रं त्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, पण आतला खेळ तोच होता.

'डिलक्स' ही त्याची खिशात मावणारी आवृत्ती. ती १९९९ मध्ये निन्टेन्डोच्याच गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आली. जपानात तर ती दुकानात नेहमीच्या डब्यात मिळालीच नाही. तिथे २००० साली ती कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यावी लागे. नवीन स्टेज, नवीन कथा असं फारसं काही नाही. जुन्याच ३२ स्टेज आहेत, पण त्यांच्याभोवती खूप काही बांधलेलं आहे. ही बांधणी या पोर्टची, म्हणजे एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर आणलेल्या आवृत्तीची, ताकद आहे आणि लहान पडदा हा त्याचा दोष. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

पडदा लहान म्हणजे नक्की काय कमी होतं?

मूळ यंत्राचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४. मारिओच्या दुनियेतली प्रत्येक वीट १६ ठिपक्यांची असते, म्हणून हिशेब सोपा आहे: टीव्हीवर आडव्या १६ विटा आणि उभ्या १५ विटा, हातात आडव्या १० आणि उभ्या ९. क्षेत्रफळ काढलं तर मूळ चित्राचा साडेसदतीस टक्केच भाग एका वेळी दिसतो. टीव्ही स्वतः वरच्या-खालच्या कडा थोड्या खात असे, त्यामुळे प्रत्यक्षात फरक किंचित कमी वाटतो, पण वाटतो नक्कीच.

आता यात वेग धरा. बी बटण दाबून पळणारा मारिओ सेकंदाला साधारण १५० ठिपके कापतो. टीव्हीची पूर्ण रुंदी पार करायला त्याला सुमारे पावणेदोन सेकंद लागतात आणि या पडद्याची रुंदी संपायला जेमतेम एक. मारिओ पडद्याच्या मध्याजवळ असतो, म्हणजे समोर उरतो तो अर्धाच पडदा. खड्डा दिसल्यापासून उडी मारेपर्यंत तुमच्या हाती अर्धा सेकंद असतो. मूळ खेळ ज्या अंतरांवर रचला होता ती अंतरं बदललेली नाहीत, ती बघायची मुभा तेवढी कमी झाली आहे. अरुंद बोळातल्या खिडकीतून पालखी बघावी तसं होतं: समोर आलेलं सगळं स्पष्ट दिसतं, पण मागून काय येतंय ते येईपर्यंत कळत नाही.

मग सगळं चित्रच लहान करून का नाही बसवलं?

तसं केलं असतं तर १६ ठिपक्यांचा मारिओ १० ठिपक्यांचा झाला असता. दहा ठिपक्यांत मिशी, टोपी, हात हे काही ओळखू येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उडीचं गणित बिघडलं असतं. या खेळात अर्धी वीट पुढे की मागे यावर जीव जातो. चित्र आकसलं की ठिपके गोळाबेरजेने कमी-जास्त होतात, आणि कासवाच्या पाठीवर पडलो की बाजूला आपटलो हे डोळ्याला नीट कळत नाही.

करणाऱ्यांनी चित्र कापलं, पण उडी जशीच्या तशी ठेवली. माझ्या मते हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. हाताला जी उडी १९८५ पासून माहीत आहे ती इथे पहिल्याच मिनिटाला तशीच लागते. पळता पळता बी सोडून पुन्हा दाबणं, हवेत थोडं मागे वळणं, पाइपच्या कडेवर टेकणं, सगळं ओळखीचं आहे. पोर्ट करताना चित्र आणि स्पर्श यांतलं एकच टिकवता येत असेल तर स्पर्श टिकवावा.

वर-खाली बघायची काही सोय आहे का?

आहे. वरचं किंवा खालचं बटण दाबलं की नजर थोडी वर-खाली सरकते. विटांची दुसरी रांग जमिनीपासून आठ विटा उंच असते. तिच्यावर उभे राहिलात की खालची जमीन पडद्याबाहेर जाते. अशा वेळी उडी टाकण्याआधी खाली डोकावणं गरजेचं ठरतं. अडचण एवढीच की डोकावायला थांबावं लागतं आणि घड्याळ थांबत नाही. मूळ खेळात वर दिसणारे ४०० म्हणजे काही ४०० सेकंद नव्हेत. ते १६० सेकंदांतच संपतात.

कोणत्या स्टेजवर याचा सर्वात जास्त त्रास होतो?

पहिल्या जगात जवळजवळ नाहीच. १-१ आणि १-२ (म्हणजे पहिल्या जगातली पहिली आणि दुसरी स्टेज) इतक्या पाठ असतात की पडदा लहान आहे हे विसरायला होतं. १-२ च्या छतावरून पळत शेवटच्या तीन पाइपांपर्यंत जाणं इथेही तितकंच मजेचं आहे.

त्रास सुरू होतो ४-१ मध्ये. ढगात बसून काटेरी पोरं खाली फेकणारा तो लाकितू आठवतो ना? तो बराच वर उडतो. तुम्ही जमिनीवरून पळत असाल तर तो पडद्याच्या वरच्या कडेबाहेर राहू शकतो आणि काटेरी गोळा जणू आभाळातूनच पडतो. ६-१ आणि ८-२ मध्ये हेच पुन्हा. ८-२ मध्ये तर भरीला तोफेच्या गोळ्या आहेत, आणि समोरून येणारी गोळी पाच विटांवर दिसणं आणि आठ विटांवर दिसणं यात फार फरक आहे.

पुलावरच्या स्टेजही कठीण जातात, म्हणजे २-३ आणि ७-३. मासे खालून उसळतात आणि तुम्ही वेगात असता. माझा सल्ला असा की इथे वेग अर्ध्यावर आणा. टीव्हीवर या पुलांवर थांबायचं नसतं, पळत सुटायचं असतं. इथे मात्र बी सोडून चालत गेलेलंच बरं.

किल्ल्यांमध्ये बाउझर या मुख्य खलनायकाची आग तो स्वतः दिसायच्या आधीपासून येऊ लागते. लहान पडद्यावर ती कडेला उगवते आणि लगेच अंगावर येते. सहाव्या जगापासून तो हातोडेही फेकतो. तिथे फुलाची, म्हणजे आगीचे गोळे फेकायची शक्ती सांभाळून नेणं हाच खरा उपाय, कारण बाउझरला आगीचे पाच गोळे लागले की पुढे हातोड्यांच्या खाली शिरायची वेळच येत नाही. ८-४ चा चकवा मात्र तितका जड जात नाही. तिथे रस्ता आठवण्याचा प्रश्न असतो, लांबचं दिसण्याचा नव्हे.

एवढा दोष आहे तर लोक याचं कौतुक का करतात?

कारण बाकी सगळ्या बाबतीत या पोर्टवर मनापासून मेहनत घेतलेली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सेव्ह. आपल्या टीव्हीगेमवर सेव्ह नव्हतं. वीज गेली की सातव्या जगातून पुन्हा १-१. पावसाळ्यात सत्तरीसारख्या भागात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. डिलक्समध्ये खेळ कॅसेटमध्ये जपला जातो. फेरीबोटीची वाट बघताना एक स्टेज, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुसरी, असा खेळ पुढे नेता येतो. एका बैठकीत संपवायचा खेळ तुकड्या-तुकड्यांनी खेळण्याजोगा झाला, आणि हातातल्या यंत्रासाठी याहून मोठी सुधारणा मला सुचत नाही. स्टेजच्या मध्ये एक छोटा नकाशाही दिसतो, त्यावरून कुठवर आलो ते कळतं.

दुसरी गोष्ट, चॅलेंज. इथे प्रत्येक स्टेजमध्ये पाच लाल नाणी आणि योशी या डायनासोरचं एक अंडं लपवलेलं आहे, शिवाय ठरावीक गुणांचं लक्ष्य आहे. ३२ स्टेज धरल्या तर १६० लाल नाणी होतात. ज्या भिंतीजवळून तुम्ही आयुष्यभर पळत गेलात तिथे थांबून वर उडी मारून बघायला हा प्रकार भाग पाडतो. एखादं नाणं अशा जागी असतं की कासवाचं कवच कुठे सोडायचं, कोणती वीट फोडायची नाही, याचा आधी विचार करावा लागतो. इथे पडद्याचा दोष अर्धा गळून पडतो, कारण तुम्ही पळत नसता, शोधत असता. मला विचाराल तर डिलक्सचा खरा जीव या भागात आहे.

तिसरी, बू नावाच्या भुताशी शर्यत. डिलक्समधल्या मूळ ३२ स्टेजच्या खेळात एक लाख गुण झाले की ती उघडते. स्टेज ओळखीच्या, पण शर्यतीसाठी थोड्या बदललेल्या. हरलात की लगेच पुन्हा खेळावंसं वाटतं.

बारीकसारीक गोष्टीही आहेत: पाणी आणि तप्त रस आता हलताना दिसतात, नकाशावर मारिओऐवजी त्याचा भाऊ लुइजी निवडता येतो, चित्रांचा अल्बम भरत जातो, गेम बॉय प्रिंटर असेल तर ती चित्रं छापता येतात. प्रिंटरचा कागद आज मिळवणं हीच एक मोहीम आहे, त्यामुळे त्यासाठी कोणी हा खेळ घेऊ नये.

'लॉस्ट लेव्हल्स' यात आहे असं ऐकलं. पूर्ण आहे का?

पूर्ण नाही. १९८६ मध्ये फक्त जपानात निघालेला तो महाकठीण दुसरा भाग इथे 'सुपर प्लेअर्ससाठी' या नावाखाली लपवलेला आहे आणि तीन लाख गुणांवर उघडतो. पहिली आठ जगं मिळतात. नववं जग आणि ए ते डी ही जगं नाहीत. मूळ भागातला जोराचा वारा काढून टाकला आहे आणि लुइजीची ती घसरडी, उंच उडी इथे नाही, तो मारिओसारखाच चालतो. विषारी मशरूम मात्र आहेत.

एका कॅसेटमध्ये जवळजवळ दुसरा खेळ फुकट मिळतो म्हणून तक्रार करू नये. पण हा भाग लहान पडद्यावर खेळणं फार कठीण आहे. त्याच्या कितीतरी उड्या न दिसणाऱ्या जागेकडे मारायच्या असतात. मूळ टीव्हीवर तो कठीण होता, इथे तो काही ठिकाणी अन्यायकारक होतो.

दोघांना एकत्र खेळता येतं का?

येतं, पण दोन यंत्रं, दोन कॅसेट आणि जोडणारी केबल लागते. मग मारिओ विरुद्ध लुइजी अशी शर्यत लागते. चवथीला सगळी भावंडं गावच्या घरी जमलेली असताना हे फार रंगेल, पण आज दोन खऱ्या कॅसेट एका घरात असणं दुर्मीळ.

आवाज कसा आहे?

सूर ओळखीचे आहेत, वजन कमी आहे. मूळ यंत्रात खालचा खर्ज एका स्वतंत्र त्रिकोणी लहरीच्या वाहिनीतून येत असे. गेम बॉयमध्ये ते काम दुसऱ्या प्रकारची वाहिनी करते, आणि यंत्राचा एकुलता छोटा स्पीकर खर्ज नीट वाजवूच शकत नाही. जमिनीखालच्या स्टेजचं ते दबकं संगीत यामुळे सर्वात जास्त पातळ होतं. साधे तारेचे इयरफोन लावून ऐका, बराच फरक पडतो.

रंग आणि उजेडाचं काय? गोव्याच्या उन्हात दिसतो का?

उन्हातच सर्वात चांगला दिसतो! गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवा नाही. तो बाहेरचा उजेड परत फेकून चित्र दाखवतो. मोबाइल ज्या दुपारच्या उन्हात काळा पडतो त्याच उन्हात हे चित्र खुलतं. मांडवीच्या काठावर किंवा घराच्या बलकांवावर बसून खेळायला याच्यासारखं यंत्र नाही. रंगांच्या बाबतीत तर हे यंत्र जुन्याहून वरचढ आहे: ३२,७६८ रंगांतून एका वेळी ५६ दाखवू शकतं, मूळ यंत्र २५ च्या आसपास थांबत असे.

याची दुसरी बाजू रात्री कळते. कोकण रेल्वेने जाताना पेडण्याचा बोगदा आला की पडदा गुडूप होतो. नेमके तुम्ही हवेत असलात तर एक लाइफ गेली समजा. जुलै-ऑगस्टच्या अंधारलेल्या दुपारी खिडकीशी बसूनही डोळे ताणावे लागतात. जुन्या यंत्रात दिवा असलेला नवा पडदा बसवून घेणारे लोक आहेत. रोज खेळणार असाल तर तो खर्च सार्थकी लागतो.

कदंब बसमध्ये खेळू नका. अनमोडच्या वळणांवर पडदा बघत बसलात तर पुढच्या प्रवाशाची माफी मागायची वेळ येईल.

माझ्या मुलीला पहिला मारिओ म्हणून हा द्यावा का?

नको. हा पोर्ट आठवणीवर चालतो. पुढे खड्डा आहे, पाइपातून झाड निघतं, इथे अदृश्य वीट आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला दहा विटांचा पडदा पुरतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तो खेळ लबाड वाटेल. आणि तिचं वाटणं चुकीचंही नसेल, कारण मूळ खेळ जे आधी दाखवून मग परीक्षा घेतो ते इथे काही ठिकाणी दाखवतच नाही. नव्या खेळाडूला शिकवायची जी कमाल १-१ मध्ये आहे, ती पूर्ण चित्रातच कळते.

तिला आधी टीव्हीवर मूळ खेळ खेळू द्या. घरी निन्टेन्डो स्विच असेल तर त्याच्या ऑनलाइन सदस्यत्वात तो मिळतो. ४-२ ची वेल स्वतः शोधून ती सहाव्या-सातव्या-आठव्या जगाच्या पाइपांपर्यंत एकदा पोचली की मग हातात डिलक्स द्या. लाल नाणी तिला वेड लावतील.

नंतरचे पोर्ट जास्त चांगले आहेत का?

पडद्याच्या बाबतीत, हो. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० आहे. तिथे आलेल्या 'सुपर मारिओ ॲडव्हान्स २', म्हणजे 'सुपर मारिओ वर्ल्ड'च्या पोर्टमध्ये रुंदी मूळ २५६ च्या अगदी जवळ राहते आणि उंचीच तेवढी कापली जाते. पळण्याच्या खेळात रुंदी टिकणं जास्त मोलाचं. लुइजीला वेगळी उडी मिळाली हीही चांगली भर. पण रंग फिकट केले आहेत, कारण त्या पहिल्या यंत्रालाही दिवा नव्हता, आणि मारिओ सतत ओरडत असतो ते मला खटकतं.

पोर्ट वाईट म्हणजे काय ते बघायचं असेल तर २००६ चा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा 'सॉनिक द हेजहॉग जेनेसिस' बघा. सॉनिकचा सगळा प्राण वेगात, आणि तिथे खेळ अडखळतो, उडीचा अंदाज चुकतो. डिलक्समध्ये पडदा कापला गेला तरी खेळ कुठेही लंगडत नाही. त्या दोघांना शेजारी ठेवलं की आधी स्पर्श का जपायचा ते लगेच पटतं.

कोणत्या यंत्रावर चालतो?

गेम बॉय कलर, गेम बॉय ॲडव्हान्स आणि ॲडव्हान्स एसपीवर. जुन्या राखाडी गेम बॉयवर नाही, डीएसवर नाही, गेम बॉय मायक्रोवरही नाही. ॲडव्हान्सच्या रुंद पडद्यावर खांद्याची बटणं दाबली की चित्र ताणलं जातं, पण तसं करू नका. ताणल्याने जास्त काही दिसत नाही, मारिओ फक्त जाडा होतो. दिव्याचा एसपी मिळाला तर हा खेळ खेळायला तेच सर्वात सोयीचं यंत्र. ३डीएसच्या दुकानातही तो विकत मिळत असे, ते दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं.

मोबाइलच्या काचेवर हा खेळ खेळू नये असं माझं ठाम मत आहे. बी दाबून ठेवून त्याच अंगठ्याच्या कडेने ए दाबायचं असतं. काचेवर अंगठ्याला कड सापडत नाही.

जुनी कॅसेट घेताना काय बघावं?

खऱ्या कॅसेटचं कवच पारदर्शक असतं. उजेडात धरली की आतली पट्टी आणि सेव्ह जपणारा गोल बटण सेल दिसतो. सेल दिसत नसेल, पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं नसेल किंवा वरचं लेबल धूसर असेल तर ती नकली समजा. नकली कॅसेटवर खेळ चालतो, पण सेव्ह दगा देतं, आणि सेव्हशिवाय डिलक्स घेण्यात अर्थ नाही. विकणाऱ्यासमोर एक स्टेज पार करून, सेव्ह करून, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून बघा. भिडस्तपणा करू नका.

आपल्या पावसाळ्यात यंत्र आणि कॅसेट कशी जपावी?

किनाऱ्याची खारी, दमट हवा धातूच्या टोकांना हिरवट गंज चढवते. जूनपासून चवथ होईपर्यंत यंत्र वापरात नसेल तर पेन्सिल सेल काढून ठेवा, कारण गळलेला सेल स्प्रिंग खातो. यंत्र आणि कॅसेट हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा. कॅसेट चालली नाही तर तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल आत जाते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टोकं पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सेव्ह राहत नाही. आतला सेल बदलला तर जुनी लाल नाणी जातील का?

जातील. ज्या स्मृतीत ती ठेवलेली असतात तिला सतत वीज लागते, सेल काढला की ती कोरी होते. १९९९ चे सेल आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेलेत, तेव्हा आज चालतोय म्हणून उद्या चालेलच असं नाही. अल्बमवर जीव असेल तर पडद्याचे फोटो काढून ठेवा. कवच उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो आणि सेल डाग देऊन बसवलेला असतो. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल कॅसेट हलली की सुटतो, म्हणून हे काम सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि पत्र्याची टोकं आधीच जोडलेला सेल मागा.